चाचीची विहीर आणि आमचा बोअर

आमच्या मोताळा तालुक्यात बीटी कापूस नवा होता, तेव्हाची ही गोष्ट. पहिली काही वर्षं अळी दिसली नाही, फवारणी कमी झाली आणि कापूस असा फुटला की वेचायला बायका पुरेनात. त्या कापसावर बाबांनी स्लॅबचं घर बांधायला घेतलं आणि वावरात बोअर मारला. गावात सगळे म्हणत, यांचं सुधारलं. मलाही तसंच वाटे. मी बुलढाण्याला शिकत होते; सुटीत आले की मैत्रिणींना मुद्दाम घर दाखवायला घेऊन यायचे.

आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून एका मुसलमान कुटुंबाचं दीड एकर वावर होतं. नवरा वारल्यावर तिथली बाई एकटीच भाजीपाला पिकवायची आणि मोताळ्याच्या बाजारात विकायची. आम्ही तिला चाची म्हणायचो.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबांनी फरदड ठेवली, म्हणजे वेचून झालेली झाडं न उपटता पाणी देऊन त्यांना पुन्हा बोंडं धरायला लावली. मोटर दिवसभर चालायची.

एका सकाळी, मी सुटीत घरी असताना, चाची आली. भांडायला नव्हती आली. मेथी वाळली, वांगी गळून राहिली, एवढं आईला सांगून ती बाबांकडे वळली. मोटर चालू असताना पाणी जिथवर उतरायचं, तिथे विहिरीच्या दगडावर तिने चुन्याची खूण केली होती.

"भाऊ, तुमची मोटर चालली का माह्या विहिरीचं पाणी उतरते. चार दिवस झाले, मी पाहून राह्यली."

बाबा म्हणाले, बोअर आपल्या वावरात आहे, जमिनीखालचं पाणी कोणाचं हे कोण सांगणार. चाची चहा घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी मोटर लावलीच नाही. मला सोबत घेऊन ते चाचीच्या विहिरीवर जाऊन बसले. दुपारपर्यंत पाणी खुणेच्या वर हातभर चढलं. बाबा कितीतरी वेळ वाकून पाहत राहिले.

संध्याकाळी त्यांनी फरदड उपटायला सांगितलं. माझा भाऊ चिडला. त्याला ट्रॅक्टर घ्यायचा होता.

"सारेच पाणी काढून राह्यले, बाबा. आपणच काऊन थांबायचं?"

"साऱ्याईचं मले माहीत नाही. तिची विहीर माह्यामुळं आटली, हे मी डोळ्यानं पाह्यलं."

पुढच्या हंगामापासून कापूस निम्म्यावर आला. उरलेल्या वावरात ज्वारी आणि तूर, म्हणजे बोअरची गरज थोडी. मोटर एक दिवसाआड, तीही चाचीला विचारून. ट्रॅक्टर घ्यायचा राहिला. घराला बाहेरून गिलावा कित्येक वर्षं झाला नाही, आणि भाऊ बरेच दिवस बाबांशी कामापुरतंच बोलायचा. पण ज्वारीचा कडबा घरचा असल्यामुळे आमची गुरं टिकली. शेजारच्या बऱ्याच दावणी चाऱ्यावाचून रिकाम्या झाल्या होत्या. पुढे गुलाबी बोंडअळी आली, तेव्हा ती आमच्याही कापसात आली. बाबांच्या निर्णयाने आम्ही त्यातून सुटलो, असं मी म्हणणार नाही.

मी आता शिक्षिका आहे. कोणाचं सुधारलं असं कोणी म्हणालं, की त्याच्या शेजाऱ्याचं कसं चाललंय, हे मी विचारते. लोकांना ते विचित्र वाटतं. चाची थकली आहे, पण तिची सून अजून मेथी लावते. आणि भावाने गेल्या वर्षी आपणहून बोअरजवळ पाणी मुरवायला मोठा खड्डा खणला.