कोल्ड रूममधले सामुराई

किस्से आपोआप साठत नाहीत, त्यासाठी आजूबाजूला संशयी माणसं लागतात. लोकांनी एकदा विश्वास टाकला की संपलं, मग ते तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. पण एकाला जरी वाटलं की 'ही पोरं काहीतरी करतायत', की दारं ढकलली जातात, प्रश्न विचारले जातात आणि दर आठवड्याला एक नवा किस्सा तयार! आमच्या बँडवर गेल्या दीड वर्षात कुणीही विश्वास ठेवलेला नाही. त्यामुळे गाणी झाली सहा आणि किस्से किती झाले ते कुणी मोजलेलं नाही.

आधी ओळख करून देतो. बँड तिघांचा. मी गिटार वाजवतो आणि गाणी लिहितो. सागर ड्रम वाजवतो. आम्ही दोघं कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटावर आहोत, मी लॅबमध्ये, तो मेंटेनन्सला. मयुरी गाते. ती दौंडला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते.

आमचा अल्बम मेलोडिक डेथ मेटलचा. म्हणजे गिटारला गोड चाल असते, ड्रम जीव घेऊन धावतात आणि गाणारा पोटातून गुरगुरतो. विषय जपानच्या लोककथा आणि सामुराई, भाषा मराठी. "का? आपल्याकडचे मावळे संपले का?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की मी उत्तर द्यायचं सोडून दिलंय. गोष्ट कुठल्या गावची आहे हे विचारून मगच ऐकायला बसणाऱ्या माणसांचा मला मनापासून राग येतो.

*

जागा मामांनी दिली. माझे मामा निमोण्यात भाजीपाला करतात. मागे ढोबळी मिरची परदेशी पाठवायच्या नादात त्यांनी शेतातच एक कोल्ड रूम बांधली होती. व्यापारी पळाला, कॉम्प्रेसर जळला, खोली राहिली. वीतभर जाड भिंती, जडशीळ दार, खिडकी एकही नाही. पुण्यातला स्टुडिओ आम्हाला परवडणारा नव्हता, आणि इथे तर आतला आवाज बाहेर जात नाही न् बाहेरचा आत येत नाही!

मामांनी एकच अट घातली. ते कधीही आत येणार.

आणि ते येत. गाणं ऐन रंगात असताना दार उघडत, आमच्या मधोमध उभे राहत आणि डोळे मिटून घेत. मला वाटायचं, मामांना आवडायला लागलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी न राहवून विचारलं, कसं वाटतंय.

"गानं कोन ऐकतंय?" मामा म्हणाले. "वास घेतोय. दारू, बिडी, गांजा. आज बी काय न्हाई."

मग दारापर्यंत जाऊन परत वळले आणि माझ्याकडे बारीक डोळ्यांनी बघत म्हणाले, "पर आसं कसं काय न्हाई?"

*

मामांच्या बांधापलीकडे पोपटआबांचं शेत. त्यांनी गणित फार लवकर मांडलं. दोन पोरं केमिकल कंपनीतली. खोली बंद. दार जाड. दौंडवरून एक पोरगी स्कूटीवर येते आणि संध्याकाळच्या आत परत जाते. आता तुम्हीच सांगा, आत काय बनत असेल?

गावभर झालं, की पावडर बनते.

त्यात सागरला घाम फार. काठ्या हातातून सटकू नयेत म्हणून तो तळव्यांना टाल्कम पावडर चोळतो. एकदा तसाच पांढऱ्याफेक हातांनी पाणी प्यायला बाहेर आला, आणि पोपटआबा बांधावरच उभे होते.

आबा सावकाश आले, सागरचा हात धरला, बोटानं चिमूटभर पावडर उचलली आणि थेट नाकाला लावली. दोन सणसणीत शिंका दिल्या. पुन्हा हुंगली.

"ही तर ल्हान पोराची पावडर हाय," आबा म्हणाले.

सागर म्हणाला, होय आबा, तेच सांगतोय.

आबांनी त्याच्या खांद्यावरून कोल्ड रूमकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मग ल्हान पोर कुठं ठिवलंय?"

*

कोल्ड रूमच्या दाराला आतून उघडायचा खटका होता. एका दुपारी तो तुटून सागरच्या हातात आला. दार बंद, आम्ही तिघं आत, मोबाइलला रेंज नाही. थंडीचा प्रश्न नव्हता, मशीन कधीच बंद पडलेलं होतं. पण तीन माणसं, तापलेला अँप्लिफायर आणि वीतभर भिंती! अर्ध्या तासात कपाळावर घाम.

हाका मारल्या. उपयोग नाही. भिंती काम चोख करत होत्या. शेवटी मयुरी म्हणाली, साधा आवाज इथून जाणारच नाही. ती दाराच्या खालच्या फटीशी पालथी झोपली आणि छातीत हवा भरून गुरगुरली, "दार उघडा!" पाच वेळा, दहा वेळा. तिच्याइतक्या ताकदीनं कुणी दार उघडायला सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

बाहेर चिंचेखाली मामा आणि पोपटआबा बाजेवर बसलेले होते. आवाज त्यांच्यापर्यंत गेला होता, हे नंतर कळलं. आबांनी विचारलंसुद्धा होतं, की काय म्हनती वो ती पोरगी?

मामा म्हणाले होते, "जपानी हाय ते. आपल्याला न्हाई उमजायचं."

पाऊण तासानं ते चहा घेऊन आले तेव्हा सुटलो.

*

कंपनीतला किस्सा सांगितला तर नोकरी जाईल असं सागर म्हणतो. जाऊ दे.

त्याच्या प्लँटवर एक सेंट्रिफ्यूज आहे, म्हणजे ओला माल गरगर फिरवून कोरडा करणारं मशीन. त्याचा तोल गेलाय, त्यामुळे फिरताना ते दात खाल्ल्यासारखा आवाज करतं, आणि तोही तालात. सामुराईंच्या लढाईच्या गाण्याची सुरुवात त्यानंच करायची, असं आमचं ठरलं. आत मोबाइल न्यायला बंदी आहे. सागरनं सॉक्समध्ये घालून नेला, आवाज रेकॉर्ड केला आणि बाहेर पडताना सिक्युरिटीनं धरला. मग आमच्या दोघांचे लॉकर उघडले गेले आणि माझ्या लॉकरमध्ये एक कागद सापडला: 'मालक मेला, तलवार उरली. आता मान कुणापुढे वाकवू?'

एचआरच्या साहेबांनी तो तीनदा वाचला. मग विचारलं, हे पत्रक कुठल्या युनियनचं?

मी समजावून सांगितलं, हे रोनिनचं गाणं आहे. रोनिन म्हणजे मालक नसलेला सामुराई. हातात कला आहे, अंगात जोर आहे, पण कायमचं ठिकाण नाही. आज या गावात, उद्या त्या गावात, मिळेल ते काम करायचं.

"म्हणजे कंत्राटी?" साहेब म्हणाले.

इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणाला तरी आमचं गाणं कळलं होतं! मी उत्साहानं म्हणालो, अगदी बरोबर सर, तेच म्हणायचंय आम्हाला! सागरनं टेबलाखालून माझ्या पायावर सेफ्टी बूट दाबला.

साहेबांनी मग रेकॉर्डिंग कानाला लावलं आणि त्यांचा चेहरा अजूनच पडला. तो आवाज घालवण्यासाठी कंपनी बाहेरून इंजिनियर बोलावत होती, आणि आम्ही तो जपून नेत होतो! असं कुणी का करेल, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. आम्हाला एकेक वॉर्निंग लेटर मिळालं. इतर कामगारांना गैरहजेरीची मिळतात. आमच्या लेटरवर कारण होतं, 'संशयास्पद गाणे'.

*

मयुरी घरी बाथरूममध्ये रियाज करायची. घरात तिचे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, आणि ती, दोघंच. आप्पा दौंडला रेल्वेत होते, आता रिटायर झालेत. क्लासमध्ये एक नाटक बसवतोय, त्याचा सराव आहे, असं मयुरीनं त्यांना सांगून ठेवलं होतं.

एक दिवस गल्लीतल्या दोन बायका अंगारा आणि लिंबू घेऊन दारात आल्या. पोरीच्या अंगात येतंय, आम्ही रोज ऐकतो, म्हणाल्या. एक बाबा माहितीचे आहेत.

आप्पा उंबऱ्यातच उभे राहिले. "आमच्या घरात कुणाच्या अंगात येत नाही," ते म्हणाले. "बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आम्ही. पोरीचा घसा बसलाय." बायका गेल्या. आप्पांनी दार लावलं, कडी घातली आणि मयुरीकडे वळले.

"हां. आता मला खरं सांग."

तिनं सांगितलं. निमोणे, कोल्ड रूम, आम्ही दोघं, गावात उठलेली पावडरची अफवा, सगळं. चौथ्या दिवशी आप्पांनी गाण्यांची वही मागितली, आणि ती लिहिणाऱ्यालाही घेऊन ये म्हणाले.

मी गेलो. मला वाटलं होतं, मोठं भाषण ऐकायला लागणार. आप्पांनी चष्मा लावून वहीचं पान अन् पान वाचलं. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी जपानमधल्या एका भल्यामोठ्या बुद्धमूर्तीचा फोटो होता. त्याच्याकडे बोट करून ते म्हणाले, "हा देश बुद्धाचा. तिथनं आणायला तुम्हाला भुतंच सापडली?"

मी म्हणालो, भुतं गाण्यात आहेत आप्पा, आमचा विश्वास नाही त्यांच्यावर.

"आणि हा सामुराई? सरदाराची चाकरी करणार, सरदारासाठी माना कापणार. असले इनामदार आम्ही पुष्कळ पाहिले."

मी तावातावानं सांगायला लागलो, की आमचा सामुराई तसला नाही, तो प्रश्न विचारतो. आप्पांनी हात वर केला. वही मिटून मयुरीकडे दिली.

"कागदावर सगळेच प्रश्न विचारतात. मी एकदा तिथं येणार. काय चाललंय ते डोळ्यांनी बघणार. पटलं नाही तर मयुरीचं निमोणं बंद."

सहा गाणी झाली होती, दोन राहिली होती. मयुरीशिवाय ती दोन होणार नव्हती. खरं सांगायचं तर मयुरीशिवाय ती सहासुद्धा नुसती गिटारची खाज होती. कंपनीत सागरला हे सांगितलं तर तो म्हणाला, दुसरी गायिका शोधून ठेवू का? दौंड-शिरूर पट्ट्यात पोटातून गुरगुरणाऱ्या किती मुली असतील, याचा त्यानं विचार केला होता की नाही कोण जाणे. तो आतून फुटलाय, असंही मला वाटायला लागलं होतं.

*

आप्पा आले ते आमच्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मयुरीच्या स्कूटीवर मागे बसून आले होते. गेटवर उतरले, एक फोन करायचाय, तू हो पुढं, म्हणाले. मग आत येऊन कोपऱ्यातल्या भाजीच्या रिकाम्या कॅरेटवर ताठ बसले. मामांनी चहा पुढे केला. तो आप्पांनी तसाच खाली ठेवला.

आम्ही वायरी लावतोय तोवर पोलिसांची गाडी आली.

हवालदार आणि एक शिपाई. इथं काहीतरी बनतं असा फोन आलाय, म्हणाले. त्यांच्या मागोमाग पोपटआबाही आले. मी मामांकडे बघितलं, मामांनी आबांकडे. आप्पांच्या डोळ्यांदेखत पोलीस! संपलं सगळं.

हवालदारांनी काहीही सोडलं नाही. वाद्यांच्या केसेस उघडल्या, अँप्लिफायरच्या मागे बॅटरी मारली, मोठ्या ड्रममध्ये हात घालून आतली गोधडी बाहेर ओढली. ही कशाला? सागर म्हणाला, आवाज दाबायला. हवालदार म्हणाले, दाबायचाच तर वाजवता कशाला? सागरनं गोधडी परत आत कोंबली.

"काय बनवता इथं?"

"अल्बम," मी म्हणालो.

"दाखवा."

सातवं गाणं कप्पाचं आहे. कप्पा म्हणजे जपानच्या नदीतला राक्षस. काठावरच्या माणसाला आत ओढतो. मयुरी बापाकडे पाठ करून उभी राहिली. सागरनं चार ठोके दिले आणि ती सुटली. साडेपाच मिनिटं कुणी जागचं हललं नाही. शिपायानं फक्त टोपी काढून हातात घेतली.

गाणं थांबलं. हवालदारांनी वही काढली.

"नदीत ओढून नेतो म्हणालात. हे आपल्या घोड नदीतल्या वाळूच्या खड्ड्यांबद्दल हाय का?"

मी म्हणालो, लोककथा आहे साहेब.

"कुणाचं नाव घेतलंय का त्यात? ओढणाऱ्याचं नाव काय?"

"कप्पा."

"गाव?"

"जपान."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि मोठा श्वास सोडला. "मग आपल्या हद्दीत येत न्हाई." वहीचं पान उलटून त्यांनी आमच्याकडे बघितलं. "काही मिळून आलं न्हाई असं लिवतो. पर ज्यानं फोन केला त्याची सही लागती. नाव सांगितलं नव्हतं. कोन होतं?"

मामांनी पुन्हा आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, आईशप्पत, मी न्हाई. मी सागरकडे पाहिलं.

आप्पा कॅरेटवरून उठले. खिशातला पेन काढला, हवालदारांच्या वहीत पूर्ण नाव लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली. टोपण लावून पेन परत खिशात ठेवला आणि पुन्हा कॅरेटवर जाऊन बसले.

"हां, मयुरी," ते म्हणाले. "पुढचं म्हण."