मुखात आडवं पडलेलं ड्रेजर

डेस्ली व्हुकिचला जेवतानासुद्धा धड बसवत नसे. घास तोंडात, काटा हातात, आणि बाई खिडकीशी. तिथून टॅलोंगा बंदराचं मुख दिसायचं. दोन्ही बाजूंना काळ्या दगडांचे बांध, मधे पाण्याची चिंचोळी वाट. वाटेच्या तोंडाशी लाटा पांढऱ्या फुटताना दिसल्या की समजायचं, वाळू पुन्हा वर आली.

"अगं, पेलिकन पक्षी बसलेत ते पांढरे," तिचा नवरा टेओ ताटावरून मान न उचलता म्हणायचा. "तुझी वाळू कुठे पळून जात नाही. जेव."

"पळून जात नाही हेच तर दुखणं आहे."

डेस्ली मासेमाराची मुलगी. लग्नानंतर टेओच्याच ट्रॉलरवर मासळी निवडायची. दोन मुली झाल्यावर बंदरातला गाळ उपसणाऱ्या सरकारी ड्रेजरवर स्वयंपाकीण म्हणून लागली, कारण ड्रेजर संध्याकाळी घरी येतं, ट्रॉलर येत नाही. पण भांडी घासून झाल्यावर स्वयंपाकघरात बसून राहील तर ती डेस्ली कसली! आधी डेकवर दोर ओढायला गेली, मग सुकाणूपाशी उभी राहू लागली, मग कप्तानाच्या परीक्षांना बसली. दोनदा आपटली, तिसऱ्यांदा पास झाली. पुढे सरकारने ते ड्रेजर हॅरल्ड पिम नावाच्या माणसाला विकलं आणि मुख मोकळं ठेवायचं काम ठेक्यावर दिलं. जुना कप्तान रागारागाने निवृत्त झाला आणि ते 'बॅन्डिकूट' नावाचं ड्रेजर डेस्लीच्या हातात आलं.

गावाला चघळायला विषय मिळाला. धक्क्यावरचा म्हातारा ऑब्री स्टॅग येता-जाता टोमणा मारायचा, "टेओ, मजा आहे बाबा तुझी! बायकोच वाट खणून देते, तू पळून जायला मोकळा."

काम म्हणावं तर सोपं होतं. लांब पाइप तळाशी सोडायचा, वाळू ओढून ड्रेजरच्या पोटातल्या टाकीत भरायची, दूर समुद्रात जाऊन तळाची दारं उघडायची, वाळू टाकायची आणि परत यायचं. पुरवाई, म्हणजे पूर्वेचा वारा, सुटली की टाकलेली वाळू निम्मी परत. बाकीच्यांना या कामाचा वीट यायचा. डेस्लीला नाही यायचा. न संपणारं काम तिच्या अंगाला मानवायचं. शिवाय त्या वाळूवरून टेओची बोट जायची. वाट हातभर उथळ राहिली तरी तिचा जीव खालीवर व्हायचा.

त्या हिवाळ्यात ठेक्याची मुदत संपली. नव्या निविदा राजधानीत अडकल्या, मुदतवाढीचा कागद येईना. पिमचा फोन आला, "कागद हातात येईपर्यंत धक्क्याचा दोर सोडायचा नाही. काही झालं तर विमा नाही."

आणि नेमकी तेव्हाच पुरवाई सुटली. दिवसेंदिवस वारा घोंघावत राहिला. बाहेर असलेल्या बोटी उत्तरेला दुसऱ्या उपसागरात आसऱ्याला पळाल्या, टेओची 'स्टेला' त्यांतच. डेस्ली रोज पावसात बांधाच्या टोकापर्यंत जायची, मुखातली वाळू चढताना बघायची आणि माघारी यायची. ड्रेजर धक्क्याला बांधलेलं. तिने इंजिनखोली पुसली. पुसलेली पुन्हा पुसली.

"डेस, फडका ठेव खाली," इंजिनियर रॉन टिपेट म्हणाला. "पत्र्याला भोक पडेल."

कागद आला तेव्हा वारा पडला होता, पण समुद्र अजून शांत झाला नव्हता. नियम असा, की मुखाशी लाट दीड मीटरच्या वर असेल तर गाळ काढायचा नाही. त्या सकाळी ती दोन मीटरच्या आसपास होती. पिम म्हणाला, "निर्णय कप्तानाचा." सरकारी खात्यातला माणूसही तेच म्हणाला. मग रेडिओवर टेओ आला.

"बर्फ वितळलाय, मासळी वास मारायला लागलीय. आम्ही निघालोय. दुपारी आत येणार."

"येऊ नकोस. वाट नाहीये, टेओ. उद्या सकाळपर्यंत थांब."

"पाच दिवस थांबलोय! तुझी वाट असो नसो, मी येतो."

डेस्लीने रेडिओ बंद केला आणि रॉनला म्हणाली, "इंजिन चालू कर."

रॉन जागचा हलला नाही. "लाट बघितलीस?"

"बघितली."

"उद्याच्या भरतीला हीच लाट निम्मी असेल. एक रात्र, डेस. तुला बसवत नाही म्हणून आम्ही सगळ्यांनी पाण्यात जायचं का?"

"तो येणार म्हणतोय, रॉन. मी ओळखते त्याला."

रॉन काहीतरी पुटपुटला, पण खाली गेला आणि इंजिन चालू झालं.

पहिल्या दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला टाकी गच्च भरली होती, ओहोटी लागली होती. डेस्ली पाइप वर घ्यायला सांगणार, तोच एका मोठ्या लाटेने ड्रेजर उचललं आणि वाळूवर आदळलं. प्रत्येकाचे दात दातांवर आपटले. पाइप वाळूत रुतून वाकला. दुसऱ्या लाटेने 'बॅन्डिकूट' फिरवलं आणि मुखात आडवं टाकलं.

"दारं उघड! वाळू सोड!" ती ओरडली.

"कशी उघडू?" रॉन खालून ओरडला. "दारं खाली उघडतात, आणि खाली जमीन आहे!"

जी वाट मोकळी करायला ती निघाली होती, तीच वाट तिने बंद करून टाकली होती. तेवढ्यात बाहेर क्षितिजावर तीन बोटी दिसल्या. पुढे 'स्टेला'.

डेस्लीने रेडिओ हातात घेतला. "सगळ्या बोटींना सांगते. आत येऊ नका. मी मुखात आडवी पडलेय."

कोणीतरी हसलं. पण ते हसू अर्ध्यातच थांबलं. मग टेओचा आवाज आला, अगदी हळू. "कोणाला लागलंय का?"

"नाही."

"दोर दे. आम्ही इथेच आहोत."

लाटांमुळे बोटींना जवळ येता येईना. रॉनला युक्ती सुचली. त्याने एका रिकाम्या पिंपाला बारीक दोर बांधून ओहोटीच्या पाण्यात सोडलं. पाण्याने पिंप बाहेर नेलं, टेओने ते आकड्याने ओढून घेतलं आणि त्या दोरामागून जाड दोर गेला. इकडे ड्रेजरवरची पाचही माणसं टाकीत उतरली. कोणी फावड्याने, कोणी पाण्याच्या नळाने वाळू बाहेर लोटू लागलं. डेस्ली गुडघाभर वाळूत उभी राहून उपसत होती. दर लाटेला तळ जमिनीवर आपटायचा. रॉनने बोल्ट तोडून वाकलेला पाइप सोडवला. त्याने तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

भरती चढली तशा तिन्ही बोटींनी एकदम ओढ दिली. दोर तारेसारखा ताणला. ड्रेजर कण्हलं, तोंड समुद्राकडे वळलं, आणि एका लाटेसरशी तरंगलं. उजेड जायच्या आत सगळे एकामागोमाग आत आले. आडव्या पडलेल्या ड्रेजरला वळसा घालून वाहणाऱ्या पाण्याने दक्षिण बांधाशी चांगली खोल वाट पाडली होती.

"डेस, एवढी वर्षं उगाच पंप चालवलास!" ऑब्री धक्क्यावरून ओरडला. "नुसती जाऊन बसली असतीस तरी झालं असतं!"

सगळे हसले. डेस्लीनेही हसून बघितलं आणि ती दोर बांधायला वळली.

पुढे चौकशी झाली. "लाट मर्यादेच्या वर होती, माहीत होतं?" "होतं." "कोणी दबाव आणला?" ती मासेमारांचं नाव घेईल म्हणून पिम आशेने बघत होता. "नाही," ती म्हणाली. "मला थांबवेना." वर्षभरासाठी तिचा परवाना गेला. नवा ठेका पिमला मिळाला नाही.

घरी बसायची पाळी आली तशी तिने स्वयंपाकघर रंगवलं. मग रंग आवडला नाही म्हणून खरवडून पुन्हा रंगवलं. एके दिवशी टेओ दारात बराच वेळ उभा राहिला.

"डेस, एक सांगू? त्या दिवशी मी आत येणार नव्हतो."

ब्रश थांबला.

"रागात बोललो. मुखाबाहेर येऊन नांगर टाकणार होतो. एवढी वाळू बघून कोण आत घुसेल? मी काय वेडा आहे?"

"मग तसं सांगायचं!"

"तू रेडिओ बंद केलास."

ती शिडीवरून उतरली आणि रंगाच्या डब्याशेजारी जमिनीवरच बसली. कितीतरी वेळ बसली. टेओला ते बघवेना. शेवटी तोही शेजारी बसला आणि त्याच्या पँटला पिवळा रंग लागला.

वर्ष सरल्यावर दुसऱ्या कंपनीचं मोठं ड्रेजर बंदरात आलं. परवाना परत मिळाला होता, तरी डेस्लीने कप्तानाचं नाही, त्याच्या मदतनिसाचं काम मागितलं. कप्तान हेमिश रुड तिच्याहून बराच लहान, शांत, ढिम्म म्हणावा इतका. रॉनलाही तिथे बोलावलं होतं. तो म्हणाला, "डेसवर माझा राग नाही. पण माझी छाती अजून धडधडते." तो गेला नाही.

पहिल्याच महिन्यात पुन्हा समुद्र उसळला. हेमिशने खिडकीतून एकदा पाहिलं, म्हणाला, "आज नाही," आणि चहा ओतून घेतला. डेस्ली उठली, बसली, पुन्हा उठली. डेकवर जाऊन आली. टेओ बाहेर समुद्रातच होता. शेवटी तिने रेडिओ उचलला.

"टेओ, आज वाट नाही. बाहेरच थांब."

"बरं."

"बरं म्हणजे? थांबशील ना?"

"थांबतो म्हटलं ना, बाई."

"पुन्हा म्हण."

पलीकडे टेओ हसला. मग एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "मी. बाहेर. थांबतोय."

"आणि मी रेडिओ चालूच ठेवतेय," ती म्हणाली.