साहेबांचं मत आणि अल खोरचा कुरियर

"मी कुणालाच मत देणार नाही," असं म्हणत वॉल्टर साहेबांनी कोरी मतपत्रिका माझ्या पंपाच्या फाइलवर आपटली.

२००४ चा ऑक्टोबर. कतारमधल्या रास लफानच्या एका गॅस प्रकल्पात मी प्रोक्युअरमेंट इंजिनिअर होते. म्हणजे पंप, व्हॉल्व्ह वगैरे कुणाकडून घ्यायचे ते तपासून शिफारस करणारी. साहेब ओहायोचे. तिकडे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती आणि परदेशातल्या अमेरिकनांना टपालाने मत देता येतं. पाकीट आजच्या कुरियरने निघालं नाही, तर वेळेत पोचणार नव्हतं. पण साहेब आठवडाभर दोन्ही उमेदवारांवर चिडून बसले होते आणि माझी फाइल सहीविना पडून होती.

"एकाला चूक कबूल करता येत नाही. दुसऱ्याला एका मतावर टिकता येत नाही."

"सर, परवा मी दोन्ही पंपवाले रिजेक्ट करू म्हटलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"प्लांटला पंप लागतोच." ते थबकले. मग इतके हसले की कॉफी सांडली. "यल्ला, चल, टीबीई कर!"

टीबीई म्हणजे टेक्निकल बिड इव्हॅल्युएशन. दोन ऑफर शेजारी शेजारी मांडायच्या. आपण काय मागितलं, ते काय देतायत, यातला फरक लिहायचा. त्याला डेव्हिएशन म्हणतात. काही डेव्हिएशन चालवून घेता येतात, काही नाही.

मी व्हाइटबोर्डवर लिहिलं: व्हेंडर ए, व्हेंडर बी. आरडाओरडा ऐकून डॉक्युमेंट कंट्रोलचे इक्बालभाई आत आले. रत्नागिरीचे. एकही कागद त्यांच्या नजरेतून सुटत नसे.

"मॅडम, लिहा. कॉन्ट्रॅक्ट चार वर्षांचं. वॉरंटी नाय. माल परत घेत नाय."

मला हसू आवरेना. 'आफ्टर-सेल्स सर्व्हिस'ला साहेबांनी दोघांनाही शून्य दिलं. 'आवाजाची पातळी'ला दोघेही नापास.

मग साहेबांनी मार्कर घेतला आणि खाली एकच शब्द लिहिला: डॅनी.

डॅनी त्यांचा मुलगा. सैन्यात होता, इराकमध्ये. आमच्यापासून विमानाने दोन तासांवर.

"बाकीचं पुसा," साहेब म्हणाले. "याला घरी कोण आणेल, सांगा."

मी बाकीचं सगळं पुसलं. इक्बालभाई इंग्रजीत हळूच म्हणाले, "सर, प्रश्न विचारल्यावर कोण ऐकून घेईल, तेवढं बघा."

साहेबांनी मतपत्रिका आणि फाइल उचलली, आपल्या केबिनमध्ये जाऊन दार लावलं. पाच मिनिटांनी बाहेर आले. हातात बंद पाकीट, आणि माझ्या फाइलवर चक्क सही!

तोवर कुरियरची व्हॅन निघून गेली होती. मी आणि इक्बालभाई त्यांच्या जुन्या गाडीतून जवळच्या अल खोर गावातल्या कुरियर ऑफिसकडे सुटलो. अर्ध्या वाटेत त्यांनी माझ्या मांडीवरच्या पाकिटाकडे नजर टाकली.

"मॅडम, सही कुठाय?"

पाकिटावर मतदाराच्या सहीची जागा होती. कोरी.

"माझ्या डिपार्टमेंटला असतं तर रिजेक्ट!" म्हणत त्यांनी पुढच्या राउंडअबाउटला गाडी उलटी वळवली. मी फोन केला. साहेब गेटवर धावत आले, हेल्मेट कानावर कललेलं. बॉनेटवर पाकीट ठेवून सही करताना तापलेल्या पत्र्यावर हात टेकला, तसे जोरात ओरडले. सिक्युरिटीवाला पळत आला. आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत होतो.

कुरियरचा क्लार्क पिशवी बांधतच होता.

"अमेरिका? पोचेल, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला ठीक आहे, आधी पावती द्या," इक्बालभाई म्हणाले.

पाकीट वेळेत पोचलं. मत कुणाला दिलं, ते साहेबांनी कधीच सांगितलं नाही. निकालाच्या दुसऱ्या दिवशी इक्बालभाईंनी विचारलं, "सर, तुमच्या व्हेंडरला ऑर्डर मिळाली का?"

"कमिशनिंग होऊ दे, मशीन चालू झाल्यावर सांगतो."

डॅनी पुढच्या उन्हाळ्यात सुखरूप घरी परतला. त्यात त्या मताचा वाटा किती, कुणास ठाऊक. ती बातमी आली त्या दिवशी साहेबांनी सगळ्या मजल्याला बिर्याणी खिलवली.

आम्ही घेतलेला पंप पहिल्या महिन्यातच थरथरायला लागला. मेंटेनन्सवाल्यांनी मला मनसोक्त शिव्या दिल्या. दुसरा घेतला असता तरी दिल्या असत्या. पण पाणी चढत होतं. फाइल टेबलावर पडून राहिली असती, तर तेवढंही झालं नसतं.