ओवीची ढोलकी आणि मी बसवलेले ठिपके

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. मराठीत लिहितेय, कारण आमच्या घरात मराठी सगळ्यांना समजते, पण वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. तुम्ही वाचताय, तर तुम्हाला मैत्रीणच मानते.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, टहरौलीच्या हिंदी शाळेत. चार माणसं जमली की मी स्वयंपाकघरात शिरते. ओरछा गेटजवळच्या आमच्या घरात मला कुणी काही विचारावं असं कधी झालं नव्हतं — भाजी काय करणार, एवढं सोडून. हे आधी का सांगतेय? दया यावी म्हणून नाही. मुद्द्याजवळ जायचं टाळतेय म्हणून.

ओवी माझ्या धाकट्या जावेची मुलगी. लहानपणापासून तबला शिकलेली. तिला डेंगू झाला आणि नंतर कानात गुणगुण राहिली. डॉक्टर म्हणाले, कान ठीक आहेत. तिला पटेना. संगीताच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा तोंडावर आली होती आणि ही फोनवरच्या एका खेळात स्वतःचा कान तपासत बसायची. गाणं वाजतं, वरून ठिपके पडतात, ठिपका रेघेवर आला की बोट टेकवायचं. कुठला ठिपका केव्हा पडेल हे आधी कुणीतरी बसवतं, त्याला चार्ट म्हणतात. तो बसवायला तिनंच मला शिकवलं. रीतही तिनंच सांगितली — अवघड चार्ट केला तर आधी आपण पार करायचा, मगच दुसऱ्याला द्यायचा.

मी आमच्याच मंगळागौरीचं गाणं घेतलं. फोनवर भरून ठेवलेलं, ढोलकीवर ओवी. नवशिकी मी, सोपं कुठं सुचतंय? प्रत्येक थापेला ठिपका दिला, फुगडीच्या वेगाला तर दोन-दोन बोटांचे. दुपारी भांडी आटोपली की बिनतारी इयरफोन घालून बसायचे. महिन्याभरानं पार केला. मग ओवीला दिला.

ती चुकली. पुन्हा चुकली. कानात काही घातलं की गुणगुण वाढते म्हणून ती नुसत्या फोनवर खेळायची — आणि स्वतःच्याच ढोलकीवर चुकायची.

जाऊबाई लेकीला म्हणाल्या, “बघ गं, चौथी पास काकूनं तबलजीला पाणी पाजलं!” भावजी तर म्हणाले, “वहिनी, आप तो छुपी रुस्तम निकलीं!” मी पदर तोंडाशी धरून हसले. मला इतकं बरं वाटलं होतं.

आठ दिवसांनी माझ्या इयरफोनची बॅटरी उतरली. मी तशीच खेळायला बसले आणि पहिल्या ओळीतच बाद झाले. पुन्हा खेळले, पुन्हा तेच. मग कळलं. बिनतारी इयरफोनमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो. मी ठिपके त्या उशिराच्या आवाजावर बसवले होते — सगळेच्या सगळे मागे पडलेले. ओवी बरोबर वाजवत होती. तिचा कान चोख होता, म्हणून तर ती चुकत होती.

चार्टमध्ये सुरुवातीच्या वेळेचा एक आकडा बदलला की सगळे ठिपके जागेवर येतात. एक आकडा. कुणाला न सांगता बदलला असता तरी चाललं असतं. मी इयरफोन चार्जिंगला लावला.

त्याच संध्याकाळी ती ओट्याशी येऊन उभी राहिली. “काकू, माझा कानच गेला गं. स्वतःचा ठेका मला पकडता येत नाही.” मी कणीक मळत होते. माहीत आहे मी काय म्हटलं? म्हटलं, “सराव कर.”

परीक्षेला ती गेली नाही. आता इलाइट चौराह्यावर फोनच्या दुकानात काउंटरवर असते. पाहुणे आले की घरातले मला फोन देतात, “काकू, दिखाइए ना.” मी इयरफोन शोधते. तो सापडेपर्यंत खेळ सुरू करत नाही. नाही कसं म्हणू? का नाही, हे सांगावं लागेल. सगळे भोवती उभे असतात, ओवीसुद्धा. टाळ्या वाजवते ती.

गेल्या रविवारी तिनं तबला विकला. घ्यायला आलेले गृहस्थ ओसरीवर बसले होते. तिनं हातोडीनं वादीखालचे लाकडी गठ्ठे ठोकून तबला सुरात लावला, काठाच्या चाटीवर बोट मारून ऐकलं, आणि आत येऊन मला बाहेर नेलं. “काकू, तू ऐक. मला माझा भरवसा नाही. लागलाय का?”

तबला अगदी नेमका लागला होता.

मी “हो” म्हटलं. तिनं वळून त्यांना सांगितलं, “काकू कह रही हैं, ठीक है. ले जाइए.”

मी तिच्याशेजारी उभी होते. ते तबला-डग्गा उचलून पायऱ्या उतरेपर्यंत उभी होते.