शेवटच्या बाईंचं वाक्य

३ जून रोजी अतिदक्षता विभागातल्या सात नंबरच्या खाटेच्या बिलात एक नवी ओळ आली: 'धर्मविषयक तज्ज्ञमत, १२,५०० रुपये'. तज्ज्ञ म्हणजे शेवटच्या बाई, आणि त्यांनी मत अजून दिलंच नव्हतं.

हे नाव वॉर्डबॉयांनी ठेवलेलं. पेशंटच्या उशाशी बाई वही उघडून बसल्या, की गाडी शेवटच्या स्टेशनात आली असं समजायचं. निरनिराळ्या धर्मांची माणसं मरताना काय मागतात, घरचे काय करतात आणि डॉक्टरांनी त्यातलं किती चालवून घ्यावं, याचा अभ्यास बाईंनी सव्वीस वर्षं केला. धाकटी बहीण म्हणायची, "ताई, ये खुशाल, पण जेवताना तुझा विषय काढू नकोस." रुग्णालयाच्या नीतिसमितीत मात्र बाईंच्या शब्दाला वजन होतं. नोकरीचं दीड वर्ष उरलं होतं.

सात नंबरला शिवणकाम करून पोरं वाढवलेली एक आजी होती. महिन्यापूर्वी धड बोलत होती, तेव्हा तिने बाईंच्या वहीत सही करून सांगितलं होतं, "घशात नळी घालू नका. जन्मभर लोकांच्या मापाने कापड कापलं, मरण तरी माझ्या मापाचं असू दे." पुढे ती एकाएकी कोसळली आणि नळी घातली गेली. आज चौदावा दिवस. आता ती शुद्धीवर येणार नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. पाठीला जखमा झाल्या होत्या. त्यांचा गोडसर, कुजका वास मास्कमधूनही नाकात शिरायचा.

थोरला मुलगा समितीपुढे आला तो बाईंचंच पुस्तक घेऊन. पिवळी खूण केलेली ओळ त्याने वाचली: 'मृत्यूची वेळ कुटुंबाच्या श्रद्धेने ठरू द्यावी.'

"आमचे गुरू नऊ तारखेला येतायत. ते डोक्यावर हात ठेवतील, मग काढा नळी. बाई, हे तुम्हीच लिहिलंय ना?"

बाईंनीच लिहिलं होतं. सोळा वर्षांपूर्वी एका सुताराचा भाऊ प्रार्थनेला पोचेपर्यंत सहा तास यंत्र चालू ठेवलं होतं, तेव्हा. मूळ वाक्यात 'काही तास' असे शब्द होते. वाक्य लांबतंय म्हणून बाईंनीच ते कापले.

"झालं तर," समितीवर असलेले रुग्णालयाचे अधीक्षक म्हणाले. "बाई, दोन ओळी लिहून द्या."

बाहेर सिस्टरने बाईंच्या हातात एक जाड सोनेरी कार्ड ठेवलं. "घ्या, तुमचंही आहे. मला तर थोरल्याने आईच्या अंगावरून हात लांब करून दिलं."

कार्ड निमंत्रणाचं होतं. नऊ तारखेला थोरल्याच्या टाइल्सच्या शोरूमचं उद्घाटन होतं, गुरूंच्या हस्ते.

"आधी गेली तर घरात रडारड, मग फीत कोण कापणार?" सिस्टर म्हणाली. "म्हातारीचं दुधाच्या पिशवीसारखं झालंय, बाई. तारखेपर्यंत टिकवायचं."

बाई तशाच अधीक्षकांकडे गेल्या. टेबलावर तेच कार्ड होतं आणि अधीक्षक सोबत आलेली मिठाई खात होते.

"त्यांच्या पंथाचे ग्रंथ मी वाचलेत," बाई म्हणाल्या. "गुरू हजर नसला तरी चालतं, असं त्यात स्वच्छ लिहिलंय."

"तुम्ही वाचलेत, त्यांनी नाही. श्रद्धा त्यांची आहे ना? आणि आपली नियमावली तुमच्याच पुस्तकावरून केलीय. दीड वर्ष राहिलंय, कशाला उगाच हात पोळून घेता? घ्या, एक तुकडा घ्या."

अधीक्षकांच्या तुपकट बोटांची बाईंना शिसारी आली. त्याहून जास्त स्वतःच्या त्या सुटसुटीत वाक्याची आली.

समितीचा कारकून म्हणाला, साहेबांना विचारल्याशिवाय कागद निघणार नाही. तेव्हा बाईंनी फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पत्र टाइप करून घेतलं: 'माझं ते वाक्य चुकीचं आहे. मी ते मागे घेते. ते काही तासांपुरतं होतं, दुकान उघडेपर्यंत नव्हे.' मागे आजीच्या सहीचं पान जोडलं. समितीच्या प्रत्येकाला एक प्रत दिली, उपचार करणाऱ्या डॉक्टरला एक.

डॉक्टरने ते पान दोनदा वाचलं. "नळी घातली त्या दिवशी हे कुठे होतं?"

"माझ्या कपाटात," बाई म्हणाल्या. "कुलपात. अभ्यासाचे कागद गोपनीय असतात."

डॉक्टरने ते पान आजीच्या फाइलला लावलं.

लेखी इच्छा हाती आल्यावर समितीला नाही म्हणता येईना. ६ जूनला दुपारी नळी काढली. चाळीस मिनिटांनी आजी गेली. जवळ सिस्टर होती आणि बाई. थोरला जिन्यात मांडववाल्याला पुढची तारीख देत होता. मग त्याने गुरूंना फोन लावला आणि बाईंना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. गुरू म्हणाले, "वेळ उत्तम होती."

"बघा बाई," थोरला म्हणाला, "तुमचा जीव उगाच खालीवर झाला."

बाईंनी बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, आणि परत धुतले.

पुढच्या महिन्यात त्यांना समितीतून काढलं. नियमावलीत ते वाक्य अजून आहे. बाई आता पेशंट बोलला की त्याच्या सहीचं पान त्याच दिवशी त्याच्या फाइलला लावतात. त्याला अभ्यास म्हणत नाहीत, असं अधीक्षकांनी लेखी कळवलं आहे.

पत्राच्या प्रती घेताना बाईंकडे सुटे नव्हते. झेरॉक्सवाल्याचे चौदा रुपये द्यायचे राहिले आहेत.