पाटलांच्या घोडीचा भोवरा

चित्रकार म्हणून माझं नाव झालं ते एका कुत्र्यामुळे. मुंबईच्या चित्रशाळेत चार वर्षं काढून मी लोणावळ्याला परत आलो होतो आणि खंडाळ्याच्या बंगल्यांसाठी ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशा पाट्या रंगवत होतो. शिकलो होतो मनुष्याकृती, छायाप्रकाश, तैलरंग; पोट भरत होतं ते या पाट्यांवर. एका पाटीवर अक्षरांच्या शेजारी मोकळी जागा उरली, तेव्हा आपलं शिक्षण अगदीच वाया जाऊ नये म्हणून मी तिथे दात विचकलेलं एक कुत्रं काढलं. त्या बंगल्यावर आंबेमोहोर तांदूळ घेऊन आलेले नाणे मावळातले एक पाटील त्या कुत्र्याला बिचकून बराच वेळ फाटकाबाहेर उभे राहिले. शेवटी माळ्याने हसत हसत त्यांना आत घेतलं. दुसरा कुणी असता तर चिडला असता. पाटलांनी पत्ता विचारला आणि संध्याकाळी आमच्या दारात हजर झाले.

“ते कुत्रं तुमीच काढलं न्हवं? मग आमची घोडी बी तुमीच काढायची. दसऱ्याला पुजंला चित्र पायजे.”

मला आनंदाने नाचावंसं वाटलं, आणि त्याला कारण होतं. माझे वडील लोणावळ्याच्या लोकोशेडमध्ये फिटर होते. घाटात विजेची इंजिनं यायची बोलणी नुकती सुरू झाली होती. वडिलांचा सारा जीव वाफेच्या इंजिनात होता. कुठल्याही वस्तूबद्दल ते एकच गोष्ट विचारत: चालते का? इंजिन चाललं पाहिजे, घड्याळ चाललं पाहिजे. चित्र चालत नाही, त्यामुळे ते कशाकरता असतं हे त्यांना कधी कळलं नव्हतं. मला रेल्वेत चिकटवायचं त्यांनी पक्कं केलं होतं. मालगाडीच्या डब्यांवर नंबर रंगवायचे. “रंगच द्यायचाय ना तुला? तिथे पिंपांनी आहे,” असं ते म्हणत. मी हातापाया पडून दसऱ्यापर्यंत मुदत मागून घेतली होती. तोवर कुणी माझं एक तरी खरंखुरं तैलचित्र पसंत करून भिंतीवर लावलं तर मी चित्रकार. नाहीतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी, एक ब्रश आणि न संपणारी मालगाडी.

म्हणून भाद्रपद अर्धा सरल्यावर रंगांच्या ट्यूबा, जवसाचं तेल, तिपाई आणि ताणलेला कॅनव्हास घेऊन मी कामशेतला उतरलो आणि नदी ओलांडून पाटलांच्या गावी जाऊन राहिलो.

घोडी देखणी होती, यात वाद नाही. तांबूस काळसर अंग, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. पण तिच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा एक भोवरा होता आणि तसला भोवरा असलेलं जनावर घरच्यांना रडवतं अशी समजूत असल्याने बाजारात तिला कुणी विचारत नव्हतं. पाटलांनी तिच्या गळ्याखाली हात घातला, तर छातीच्या जरा वर त्यांच्या बोटांना दुसरा भोवरा लागला. त्याला देवमण म्हणतात. तो असला की बाकीच्या सगळ्या खोडी माफ, म्हणून पाटलांनी ती घेऊन टाकली.

“लोकांनी डोळ्यानं बघितली, मी हातानं बघितली,” पाटील म्हणाले. “तवापासून घरात वाईट काय न्हाई झालं. तेवढं देवमण चित्रात आलं पायजे बगा.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, आलं नाही तरी चालेल. आमचे गुरुजी सांगत, डोळे अर्धवट मिटून पाहा आणि जे दिसणार नाही ते काढू नका. पाच हातांवरून केस दिसत नाहीत, मग केसांतला भोवरा कुठून दिसणार? चार वर्षं शिकलेला मी, घोडीला गळ्याखाली चाचपणाऱ्या माणसाकडून चित्रकला थोडाच शिकणार होतो!

पहिल्या दिवशी घोडीला गोठ्यासमोर बांधलं आणि मी कोळशाने रेघ ओढली. घोडीने पाय बदलला. मी रेघ पुसून दुसरी ओढली. घोडीने पुन्हा पहिला पाय घेतला. दुपारपर्यंत माझ्या कागदावरच्या घोडीला नऊ पाय झाले होते. पाटलीणबाई भाकरी घेऊन आल्या, कागदाकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पळतीया व्हय?” मी “हो मावशी” म्हणून मोकळा झालो.

खरी गंमत तैलरंग काढल्यावर सुरू झाली. जवसाची पेंड घोडीच्या विशेष आवडीची होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतके दिवस माझ्याकडे पाठ फिरवणारी ती बया जवसाच्या तेलाचा वास येताच दावं ताणून माझ्याकडे बघत तासन्‌तास उभी राहू लागली. मला वाटलं, अखेर तिला माझ्या कलेची ओढ लागली. मी अगदी रंगात येऊन चार दिवसांत मान, पाठ, पोट असं सगळं उभं केलं. पाचव्या दिवशी मी पाणी प्यायला वळलो आणि तिने दावं तोडून रंग कालवायची फळी चाटून साफ केली. त्यातला पांढरा रंग शिशाचा, विषारी. मी बोंब ठोकली. पाटील न्याहारी टाकून धावले, त्यांनी स्वतःच्या धोतराच्या सोग्याने तिची जीभ पुसली, बादलीभर ताक पाजलं, आणि दिवसभर तिच्या तोंडाकडे बघत बसले. घोडीला काही झालं नाही. तिने संध्याकाळी रोजच्यापेक्षा जास्त वैरण खाल्ली. मी मात्र दोन दिवस अन्नाला शिवलो नाही. घोडी मेली असती तर पाटलांना तोंड कुठे दाखवलं असतं, आणि खरं सांगायचं तर त्याच्याही आधी माझ्या मनात वॅगनी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्याची मला अजून लाज वाटते.

मग पायांचं प्रकरण निघालं. पलीकडचा मागचा पाय सावलीत होता म्हणून मी तो निळसर राखी रंगवला. गुरुजींनी पाठ थोपटली असती असा पाय. पाटील चित्रासमोर उकिडवे बसले आणि त्यांनी बोटाने मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मग थांबले.

“ह्यो कुनाचा?”

“घोडीचाच आहे पाटील. सावलीत आहे.”

“आमची घोडी कवा बी बघा, चारी पाय पांढरंच असत्यात. सावलीत गेली म्हनून काय पाय काळा हुतोय?”

मी त्यांना गोठ्यापाशी नेऊन प्रत्यक्ष सावली दाखवली. त्यांनी ती नीट पाहिली, वाकून पायावरून हात फिरवला आणि म्हणाले, “पांढराच हाय.” मी पाय पांढरा केला. कलेचा एक पाय गेला तरी तीन उरले, अशी मनाची समजूत घातली.

दसरा जवळ येत चालला आणि चित्र वाळेना. मावळातल्या त्या दमट हवेत वाळत घातलेलं धोतर चार दिवस ओलं राहतं, तिथे तेलाचं काय घेऊन बसलात! मी चित्र चुलीच्या उबेला ठेवलं, तर पाटलीणबाईंनी फोडणी टाकताच घोडीच्या पाठीवर मोहरी उडून बसली. एक एक दाणा मी टाचणीने काढला. अखेर दसऱ्याच्या सकाळी, अजून ओलंच असलेलं ते चित्र मी सोप्यात भिंतीला टेकवून ठेवलं. बाहेर घोडीला न्हाऊ घालून, झेंडूच्या माळा घालून उभी केली होती. वडील सुट्टी काढून दुपारच्या गाडीने येणार होते. चित्र बघायला म्हणून, पण त्यांच्या कोटाच्या खिशात रेल्वेचा अर्ज असणार हे मला ठाऊक होतं.

पाटील पूजेचं तबक घेऊन चित्रासमोर आले. वरपासून खालपर्यंत पाहिलं. पाय मोजले, चारही भरले. मग त्यांनी तबक खाली ठेवलं.

“देवमण कुटं हाय?”

मी छायाप्रकाश सांगितला, अंतर सांगितलं, अर्धवट मिटलेले डोळे सांगितले. पाटील रागावले नाहीत, तेच वाईट झालं. त्यांचा चेहरा उतरला. “मास्तर, चित्र लय झ्याक हाय,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले. “पन ही आमची घोडी न्हाई. ही बिनदेवमणाची हाय. हिला घरात कशी लावू?”

ब्रश आणायला मी आत धावलो. पण गळ्याखालचा तो भोवरा कसा दिसतो ते मला ठाऊकच नव्हतं. जवळजवळ महिनाभर ती घोडी समोर असून मी एकदाही तिच्या गळ्याखाली पाहिलं नव्हतं. मी बाहेर आलो, तर पाटील चित्रावर वाकले होते. सवयीने त्यांचा हात घोडीच्या गळ्याखाली गेला होता. रोज सकाळी बाहेर पडताना ते देवमणाला हात लावत, तसाच. अंगठा ओल्या रंगात टेकला, आणि खऱ्या घोडीच्या केसांतून फिरतो तसा त्यांनी तो अलगद गोल फिरवला.

हात बाजूला झाला. तिथे भोवरा होता. केस न केस वळलेला, मधे खोल, कडेला उजेड पकडणारा. माझ्या त्या चित्रात तेवढीच जागा जिवंत होती, हे माझ्यासारख्या आढ्यतेखोर माणसालाही लगेच कळलं.

“हां,” पाटील म्हणाले. “आता आली.”

त्यांनी हळदकुंकू वाहिलं आणि तेवढ्यात वडील दारात उभे राहिले.

पाणी प्यायले, पाटलांना नमस्कार केला आणि चष्मा लावून चित्राला भिडले. बिघडलेलं इंजिन तपासावं तसे ते एका टोकाकडून निघाले. “कान ठीक. पाठ ठीक. हा मागचा पाय मात्र बरोबर बसलेला नाही, जोडाला ढिला आहे.” तो माझा पांढरा केलेला पाय. मग ते गळ्याशी आले आणि थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. लहानपणी त्यांच्या मामाकडे घोडी होती, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

“हे देवमण,” ते म्हणाले. “हे कसं काढलंस रे? हे असंच असतं. हात लावावासा वाटतोय.”

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, मी सांगणारच होतो. पण पाटलांनी रंगाने माखलेला अंगठा धोतराच्या सोग्यात गुंडाळला, हात पाठीमागे नेला आणि म्हणाले, “पोराचा हात चांगला हाय. वाया घालवू नगा.”

परतीच्या गाडीत बसल्यावर वडिलांनी कोटाच्या खिशातून अर्ज काढला, त्याची नीट घडी केली आणि खिडकीच्या पट्टीत खोचली. खिडकी फार खडखडत होती.

पुढे मी पुष्कळ चित्रं केली. घोडे केले, साहेब केले, शेठजी आणि त्यांच्या बायका केल्या. वडील प्रत्येक चित्र चष्मा लावून एका टोकापासून तपासत. शेवटच्या आजारातही मी एक चित्र त्यांच्या खाटेपाशी नेलं. त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, “बरं आहे. पण त्या घोडीचं देवमण काढलं होतंस, तसं पुन्हा नाही जमलं तुला.”

मी म्हटलं, “नाही जमलं, दादा.”