सावडीचं बाळ

मुंबईला समाजकार्याचं शिक्षण घेताना आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली होती. पहिल्या भेटीत फक्त ऐकायचं, समोरच्या माणसाचा विश्वास बसू द्यायचा. खरं काम पुढच्या भेटींत. एकोणीसशे पासष्टच्या सुमाराला मी लोणावळ्यातल्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात नोकरीला लागले आणि पहिल्याच पावसाळ्यात माझ्या ध्यानात आलं, की या 'पुढच्या भेटी' मावळात नसतातच. कुरवंड्याकडची किंवा डोंगरातल्या एखाद्या वाडीवरची बाई बाजाराच्या दिवशी खाली उतरायची, मीठमिरची घेता घेता दवाखान्यात डोकवायची, आणि मी "पुढच्या आठवड्यात या हं" म्हटलं की "व्हय, व्हय" करून जी जायची ती गेलीच. वाट पाहणं हे मुळात माझ्या स्वभावात नाही. माझा पारा चढायचा.

आमच्या डॉक्टरीणबाईंपाशी मी कुरकुर केली, तर त्या हातातली सुई उकळत्या पाण्यात टाकत म्हणाल्या, "मी तापाचं औषध पहिल्याच भेटीत देते. तू काय तुझं पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवतेस?"

मी रागावले. दोन दिवस त्यांच्याशी धड बोललेही नाही. पण हळूहळू माझी रीत बदलली. बाई समोर बसली, की ती परत येणार नाही असंच धरून चालायचं आणि आधी विचारायचं, आज इथून जाताना काय घेऊन गेलीस म्हणजे तुझी खेप वाया गेली नाही असं वाटेल? दुखणं कधीपासून, कुणामुळे, हे मागाहून. काहीजणी या प्रश्नाने बावचळायच्या, कारण तुला काय हवंय असं त्यांना घरात कुणी कधी विचारलेलं नसायचं.

ज्यांची ही गोष्ट, त्या कुरवंड्याकडच्या सासू-सुना आल्या आषाढात. बाहेर धुकं असं दाटलं होतं, की फाटकाजवळचा पिंपळ दिसत नव्हता. ओसरीवर बायकांनी उतरवून ठेवलेली इरली निथळत होती आणि पलीकडे कंपाउंडर शेगडीवर चहा टाकत होता. डॉक्टरीणबाईच दारापर्यंत त्यांना घेऊन आल्या. म्हणाल्या, "हिला दूध आहे, बाळाला रोग काही नाही, तरी बाळ सुकत चाललंय. तुला काही सापडतंय का बघ."

बाळ सासूच्या मांडीवर होतं. पाचेक महिन्यांचं असावं. डोळे उघडे, पण कुणाकडेच न बघणारे. सून भिंतीकडे तोंड करून बसली.

"ह्याच्या आदी दोन गेली, बाई," सासू सांगू लागली. "म्हनून ह्याला जल्मल्या जल्मल्या उकिरड्यावर ठिवलं. शेजारच्या म्हातारीनं उचललं, सूपभर कोंडा दिला आन् इकत घेतलं. आता त्यो तिचा. आमी निस्ता सांबाळतो."

ही चाल मला ठाऊक होती. मुलं दगावली की पुढचं मूल असं लटकंच विकायचं, म्हणजे पोरं नेणारं जे कोण असेल त्याला वाटावं, या घरात आता नेण्याजोगं काही नाही. मावळात गावोगाव अशी केरकचऱ्याची नि दगडधोंड्याची नावं मिरवत हुंदडणारी पोरं मी पाहिली होती. त्यांच्या आया चारचौघांत त्यांना परकं म्हणायच्या आणि आत नेऊन पोटाशी धरायच्या. इथे मात्र आईने तो सौदा खराच मानला होता.

"पाजती, पर त्वांड फिरवून पाजती," सासू म्हणाली. "बोलत न्हाई, हसवत न्हाई. त्येल मी लावायचं, अंगाई मी म्हनायची. आता लावनी लागलीया. मी खाचरात जाऊ का पोर बघू? आंबी गावाला माजी लेक दिलीया, तिला बी तान्हं हाय. तिकडची लावनी सरली की ती येऊन ह्याला घिऊन जाईल. हितं परत याया आमाला जमायचं न्हाई."

सासू वाईट नव्हती, थकलेली होती. मी तिला म्हटलं, "मावशी, तुम्ही जरा शेगडीपाशी बसा, चहा घ्या. बाळ इथेच राहू दे." सतरंजीवर, आम्हा दोघींच्या मध्ये, बाळ उताणं पडून राहिलं.

"आंबीला द्यायचं नक्की ठरलंय?" मी सुनेला विचारलं.

"म्हनत्यात."

"तुला काय वाटतं?"

"त्यो माजा हाय कुटं? म्या काय म्हनू?"

माझी जीभ अगदी शिवशिवत होती. अगं वेडे, कोंडा देऊन का कुठे पोर विकलं जातं, हे वाक्य ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. समजा, मी तिला ते पटवलं, तिने बाळाला आपलं म्हटलं आणि चार दिवसांत त्याला साधा ताप आला, तर तिने कुणाला दोष दिला असता? स्वतःलाच. आणि तेव्हा मी तिच्याजवळ असणार नव्हते. म्हणून मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. आज इथून काय घेऊन जायचंय?

भिंतीकडचं तोंड तिने जरासं वळवलं. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "त्यो आंबीला जायला नको." आणि मी काही बोलायच्या आत, "पर म्या त्याला माजा म्हनायची न्हाई. आदीच्या दोगांना लय माजं माजं केलतं."

ती रडली नाही. माझेच डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. तिला आपलं मूल हवं होतं, इतकं की त्याच्याकडे बघायचीही भीती वाटत होती.

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "लावणीला कुणाकुणाच्या शेतात जातेस?"

पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा झाला. "सावडीनं समद्यांच्याच जातो की. आज त्यांच्यात, उद्या आमच्यात. कामाला काम."

"मग दुसऱ्याच्या खाचरात हात राखून लावतेस?"

"छ्या! दुसऱ्याचं तर लय नीट लावावं लागतं. बाया नावं ठिवत्याल न्हाईतर."

"रोपाकडे बघून लावतेस, की तोंड फिरवून?"

ही शहरातली बाई खुळी दिसते, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिची नजर सतरंजीवर गेली. मी गप्प राहिले. माझ्यासारखीला गप्प राहण्याइतकं अवघड दुसरं काही नाही, पण राहिले.

"म्हंजी ह्यो म्हातारीचा," ती सावकाश म्हणाली, "आन् म्या सावडीला."

"म्हातारीचं काम तिच्यासारखंच करावं लागेल. तिने काय काय केलं असतं?"

"त्येल लावलं आसतं. न्हाऊ घातलं आसतं. आन् बोलली तर लय आसती, त्वांड म्हनून मिटत न्हाई तिचं." सांगता सांगता ती हसली.

"मग घरी जाईपर्यंत कशाला थांबायचं? इथेच सुरू कर."

तिने बाळाला उचललं. पाजायला घेतात तसं आडवं नाही, समोर धरलं. "काय रं म्हातारीच्या?" ती म्हणाली, आणि दाराकडे बघून पुन्हा जरा मोठ्याने म्हणाली, जणू पोरं नेणारं जे कोण असेल त्याला नीट ऐकू जावं. बाळाने हसून वगैरे दाखवलं नाही. पण त्याने तिच्या तोंडावर नजर लावली ती काढली नाही, आणि तिनेही काढली नाही.

सासूला आत बोलावलं तेव्हा मी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. सुनेनेच सांगितलं. सासूने सगळं ऐकून घेतलं, विचार केला आणि म्हणाली, "म्हातारीला इचाराया लागंल. तिचं पोर हाय." मला या उत्तराचा इतका आनंद झाला, की मी तिच्यासाठी आणखी एक कप चहा मागवला. लावणी होईस्तोवर बघायचं, बाळाने अंग धरलं तर आंबीला निरोप धाडायचा, असं ठरलं. काही अडलं तर कधीही या, असं मी म्हटलं आणि त्यांनी "व्हय, व्हय" म्हटलं. जाताना बाळ सुनेच्या इरल्याखाली होतं.

त्या परत आल्या नाहीत. कुरवंड्याकडची माणसं दवाखान्यात येत होती, त्यांना विचारता आलं असतं. पण मी विचारलं असतं तर ती गोष्ट वाडीभर झाली असती, म्हणून विचारलं नाही. दर लावणीला मला त्या बाळाची आठवण व्हायची. पुढे कितीतरी बायका त्या सतरंजीवर येऊन बसल्या आणि गेल्या, त्यांतल्या बहुतेकींचं काय झालं ते मला आजही माहीत नाही. त्याची सवय होते असं लोक म्हणतात. मला झाली नाही.

पुढे काही वर्षांनी कामशेतच्या बाजूला कामाला गेले होते. परतताना कान्ह्याच्या स्टेशनात गाडीची वाट बघत बसले होते, तर एक बाई येऊन समोर उभी राहिली. तिच्याबरोबर दात पडलेली, सारखी बडबड करणारी एक म्हातारी आणि गुडघे फुटलेला, गुटगुटीत मुलगा. मी तिला ओळखलं ते म्हातारीच्या बडबडीवरून.

"कुणाचा रे तू?" मी पोराला विचारलं.

"म्हातारीचा!" तो ओरडला. म्हातारीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली, आणि सगळे हसले. आईसुद्धा हसली.

गाडी आली. माझी पिशवी डब्यात चढवून द्यायला ती दारापर्यंत आली, मागे वळून एकदा पोराकडे बघून घेतलं आणि माझ्या कानाशी लागली.

"माजाच हाय, बाई," ती म्हणाली. "पर हळू बोला."